‘गेला असेल’ म्हणता येतं ना? मग फ्युत्यूर आंतेरियर जमेल

फ्रेंच शिकणारी मराठी माणसं फ्युत्यूर आंतेरियरपाशी, म्हणजे पूर्ण भविष्यकाळापाशी, अडखळतात याचं मोठं कारण माझ्या मते फ्रेंच नाही, इंग्रजी आहे. वर्गात फळ्यावर ‘आय विल हॅव फिनिश्ड’ लिहिलं जातं. मुलं आधी ते इंग्रजी कोडं सोडवतात आणि मग त्याचं फ्रेंच करायला बसतात. मधला हा वळसा कशाला? ‘तो गेला असेल’ हे आपण दिवसातून दहादा म्हणतो. त्याचं फ्रेंच ‘इल सरा पार्ती’. इल म्हणजे तो, सरा म्हणजे असेल, पार्ती म्हणजे गेला, निघाला. शब्दाला शब्द आहे, फक्त ‘असेल’ आधी येतं आणि ‘गेला’ नंतर.

मी बरीच वर्षं शिकवण्या घेते आणि आता हा काळ सुरुवातीपासून मराठीतूनच शिकवते. जिथे मराठी मदत करते तिथे ती भरभरून करते. जिथे ती फसवते, अशा दोन जागाही आहेत. त्या पुढे सांगते, कारण चुका नेमक्या तिथेच होतात.

हा लेख वाचण्याआधी तुम्हाला साधा भविष्यकाळ (फ्युत्यूर सॅंप्ल) आणि पासे कोंपोझे (‘मी केलं’, ‘मी गेले’ असा नेहमीचा भूतकाळ) थोडेफार माहीत हवेत. नसतील तर आधी ते करा, कारण या काळात नवीन काहीच नाही, या दोघांचीच जुळणी आहे. फ्रेंच शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. ‘ज्य’ हा मऊ, घासून येणारा उच्चार आहे, ‘झ’ हा झेरॉक्समधला, आणि ‘यू’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा. स्पेलिंग मात्र पाठ्यपुस्तकातून वहीत उतरवून घ्या. फ्रेंचमध्ये शेवटची अक्षरं उच्चारात गायब होतात, पण पेपरात त्यांचे गुण जातात.

पायरी पहिली: ‘असेल’ तयार करा

फ्रेंचकडे दोन सहायक क्रियापदं आहेत: आव्वार (जवळ असणं) आणि एत्र (असणं). दोघांचा साधा भविष्यकाळ तोंडपाठ हवा.

आव्वार: ज्योरे, त्यू ओरा, इलोरा, नूझोरों, वूझोरे, इल्झोरों.

एत्र: ज्य सरे, त्यू सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों.

पहिल्या ओळीत ‘इलोरा’चं स्त्रीलिंगी रूप म्हणून पाहा: ‘एल’ आणि ‘ओरा’ जोडून होतं एलोरा. वेरूळला इंग्रजीत म्हणतात तेच! माझे विद्यार्थी बाकी सगळं विसरतील, पण ‘तिने केलं असेल’साठी एलोरा विसरत नाहीत. तिथून सुरुवात करून बाकीची पाच रूपं पाठ करा.

दोन्ही ओळींचे शेवट सारखे आहेत हेही दिसलं असेल. हे शेवट मुळात आव्वारच्या वर्तमानकाळातूनच आले आहेत. लॅटिन बोलणारे लोक ‘मला गायचं आहे’ अशा थाटात मूळ क्रियापदाला ‘आहे’ जोडू लागले आणि त्या जोडणीतून फ्रेंच भविष्यकाळ बनला. म्हणून आव्वारचा वर्तमानकाळ येत असेल तर हे शेवट वेगळे घोकावे लागत नाहीत.

पायरी दुसरी: ‘केलं’, ‘संपलं’, ‘विकलं’ तयार करा

पासे कोंपोझेमध्ये वापरता तेच पार्तिसिप पासे (‘केलं’, ‘संपलं’ असं क्रियापदाचं रूप) इथेही. पार्ले (बोलणं) या पहिल्या गटातल्या क्रियापदाचा उच्चार तोच राहतो, फक्त शेवटचं ‘आर’ जातं आणि ‘ई’ अक्षरावर तिरकी रेघ येते. फिनीर (संपवणं) चं फिनी. वांद्र (विकणं) चं वांद्यू. अनियमित रूपं रोज लागतात ती आधी उचला: फे (केलं), प्री (घेतलं), मी (ठेवलं), दी (म्हटलं), एक्री (लिहिलं), व्यू (पाहिलं), ल्यू (वाचलं), ब्यू (प्यायलं). एत्रचं एते, आणि आव्वारचं नुसतं यू. एवढ्यांवर तुमची निम्मी वाक्यं निघतील.

आता जोडा. ज्योरे फिनी: माझं संपलेलं असेल. एलोरा ल्यू: तिने वाचलेलं असेल. नूझोरों मांजे: आमचं खाऊन झालेलं असेल.

पायरी तिसरी: आव्वार की एत्र?

इथे घाई करू नका.

बहुतेक क्रियापदं आव्वार घेतात. एत्र घेणारी थोडी आहेत, आणि ती लक्षात ठेवायला फ्रान्समधले शिक्षकही घराचं चित्र काढायला लावतात. वहीच्या पूर्ण पानावर एक घर काढा. दारातून आत येणारा माणूस म्हणजे आंत्रे, बाहेर पडणारा सोर्तीर. जिना चढणारा मोंते, उतरणारा देसांद्र. फाटकापाशी अले (जाणं), वनीर (येणं), आरिवे (पोहोचणं), पार्तीर (निघणं). रस्त्यावरून घरापुढून जाणारा पासे, परत फिरणारा रतुर्ने, घरी परतणारा रांत्रे. छपरावरून पडणारा तोंबे, खुर्चीत बसून राहिलेला रेस्ते. एका खोलीत पाळणा काढा, तो नेत्र (जन्मणं), आणि दुसऱ्या खोलीत खाट, ती मुरीर (मरणं). कोपऱ्यात दवनीर (बनणं) लिहून ठेवा. शिवाय ‘स’ लागणारी सगळी क्रियापदं, म्हणजे उठणं, अंघोळ करणं, झोपायला जाणं अशी स्वतःवर फिरणारी, एत्रच घेतात.

आता मराठीची खरी मदत बघा. ‘तो गेला’, ‘ती गेली’, ‘त्या गेल्या’. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्येही एत्रसोबत तसंच होतं: इल सरा पार्ती, एल सरा पार्ती. ऐकायला सारखं, पण लिहिताना ‘ती’साठी पार्तीच्या शेवटी एक ‘ई’ वाढतो, ‘ते’साठी ‘एस’, आणि ‘त्या’साठी दोन्ही. गेला-गेली-गेल्या आपल्या जिभेवर असल्यामुळे इथे आपलं डोकं आपोआप चालतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही सोय नाही.

आता ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी पोळी खाल्ली’. इथे क्रियापद कर्माकडे बघतं, खाणारा कोण याची त्याला फिकीर नाही. फ्रेंचमध्ये आव्वारसोबत हेच घडतं, पण एका अटीवर: कर्म क्रियापदाच्या आधी आलेलं हवं. ‘ज्योरे एक्री ला लेत्र’ (मी पत्र लिहिलेलं असेल) मध्ये पत्र नंतर आलं, म्हणून एक्रीमध्ये बदल नाही. ‘ला लेत्र क ज्योरे एक्रीत’ (मी लिहिलेलं असेल ते पत्र) मध्ये पत्र आधी आलं. फ्रेंचमध्ये पत्र स्त्रीलिंगी, म्हणून एक्रीचं एक्रीत झालं, आणि इथे तर कानालाही फरक कळतो. किल्ल्यांचंही तसंच: ‘ले क्ले क ज्योरे प्रीझ’, मी घेतलेल्या असतील त्या किल्ल्या. हा नियम मुलं वर्षानुवर्षं घोकतात आणि विसरतात. ‘पोळी खाल्ली’ आठवून तो एकदा समजून घेतला की घोकावा लागत नाही.

याच नात्यातून आणखी एक गाठ सुटते. सोर्तीर घराच्या यादीत आहे, पण काही वाक्यांत तो आव्वार घेतो. का? त्याचे मराठीत दोन शब्द होतात म्हणून: निघणं आणि काढणं. ‘एल सरा सोर्ती’ म्हणजे ती बाहेर पडली असेल. ‘एलोरा सोर्ती ला व्वात्यूर’ म्हणजे तिने गाडी बाहेर काढली असेल. देसांद्र म्हणजे उतरणं आणि उतरवणं, मोंते म्हणजे चढणं आणि चढवणं. मराठी शब्द ‘काढणं, उतरवणं, चढवणं’ असा आला की समोर कर्म आहे, आव्वार घ्या. ‘निघणं, उतरणं, चढणं’ आला की बहुतेक वेळा एत्र.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘ती झोपली’, ‘ती चालली’ ही मराठीत कर्त्याप्रमाणे चालणारी क्रियापदं फ्रेंचमध्ये आव्वारच घेतात: एलोरा दोर्मी, एलोरा मार्शे, आणि शेवटी ‘ई’ लागत नाही. म्हणून घराचं चित्र पाठच हवं. मराठीवर विसंबून ते टाळता येणार नाही.

पायरी चौथी: नकार, प्रश्न, छोटे शब्द

ही पायरी सोपी आहे. नकाराचे दोन तुकडे सहायक क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना: ज्य नोरे पा फिनी, माझं संपलेलं नसेल. ‘आधीच’साठी देज्या मध्ये बसतो: ज्योरे देज्या मांजे. ‘ते’, ‘त्याला’ असे सर्वनामाचे तुकडे सहायकाच्या आधी: ज्य लोरे ल्यू, मी ते वाचलेलं असेल. प्रश्नात सहायक पुढे: ओरे-वू फिनी? पासे कोंपोझेत जे जिथे बसतं ते इथेही तिथेच बसतं.

पायरी पाचवी: वापरायचा कधी?

भविष्यात दोन गोष्टी घडणार आहेत आणि एक दुसरीच्या आधी उरकलेली असणार आहे, तर आधी उरकणाऱ्या गोष्टीला फ्युत्यूर आंतेरियर. मी मुलांना वाक्यावर पेन्सिलीने नंबर घालायला लावते. ‘तू येशील तेव्हा मी निघून गेलेली असेन.’ निघणं एक नंबर, येणं दोन नंबर. एक नंबरला फ्युत्यूर आंतेरियर, दोन नंबरला साधा भविष्यकाळ: कां त्यू आरिवरा, ज्य सरे पार्ती.

कधी दुसरी गोष्ट नसते, नुसती मुदत असते. ‘सोमवारपर्यंत माझं हे पुस्तक वाचून झालेलं असेल’: दिसी लंदी, ज्योरे ल्यू स लिव्र. ‘दिसी’ म्हणजे आत्तापासून अमुक वेळेपर्यंत. वाक्यात तो दिसला की बहुतेक वेळा हाच काळ येतो.

आता मराठीचा पहिला सापळा. आपण म्हणतो, ‘काम झालं की फोन करते.’ काम अजून व्हायचंय, तरी आपण ‘झालं’ म्हणतो, भूतकाळाचं रूप. तेच फ्रेंचमध्ये नेलं की चूक होते. मी पहिल्यांदा फ्रान्समधल्या ल्योंला जाणार होते तेव्हा घरमालकीणबाईंना ईमेल लिहिला. मनात वाक्य होतं, ‘ल्योंला पोहोचले की फोन करते.’ लिहिलं, ‘कां ज्य स्वी आरिवे आ ल्यों, ज्य वू तेलेफोनरे.’ त्यांचं उत्तर तासाभरात आलं: तुम्ही पोहोचलातसुद्धा? मग आज उतरलात कुठे? मी तेव्हा पुण्यातच होते, बॅग भरत. बाईंनी पुढच्या ओळीत वाक्य दुरुस्त करूनही पाठवलं होतं: कां ज्य सरे आरिवे आ ल्यों. फरक फक्त स्वी आणि सरे एवढा, पण एकात मी ल्योंमध्ये होते आणि दुसऱ्यात पुण्यात.

म्हणून नियम असा लिहून ठेवा: मराठीत ‘झालं की’, ‘आला की’, ‘जेवलो की’ असं भविष्याबद्दल आलं, की फ्रेंचमध्ये फ्युत्यूर आंतेरियर. हे जोडणारे शब्द पाचसहाच आहेत: कां आणि लोर्स्क (जेव्हा), दे क आणि ओसितो क (होताच, झाल्या झाल्या), य्यून फ्वा क (एकदा का), आप्रे क (नंतर). ‘दे क ज्योरे फिनी, ज्य त तेलेफोनरे’: संपल्या संपल्या तुला फोन करते. यातल्या आप्रे क बद्दल फ्रेंच लोकांचाही गोंधळ होतो. आवां क (आधी) ला सब्जोंक्तिफ (इच्छा, शंका अशा जागी येणारं क्रियापदाचं वेगळं रूप) लागतो, म्हणून बरेच जण आप्रे क लाही तोच लावतात. पण नियमाने आप्रे क ला साधं रूपच: आप्रे क ल त्रॅं सरा पार्ती, गाडी सुटल्यावर. परीक्षेत हेच लिहा.

‘जोपर्यंत… नाही’ हेही याच घरातलं. प्रत्येक आईचं वाक्य आहे, ‘गृहपाठ होत नाही तोवर बाहेर पाय टाकायचा नाही.’ फ्रेंच आई म्हणते: तां क त्यू नोरा पा फिनी ते दव्वार, त्यू न सोर्तिरा पा. आपण ‘होत नाही’ असा वर्तमानकाळ वापरतो, ती ‘नोरा पा फिनी’ म्हणते.

दुसरा सापळा ‘तर’चा. ‘दुपारच्या आत तुझं झालं असेल तर आपण बाहेर जाऊ.’ मराठीत ‘असेल’ स्पष्ट ऐकू येतं, म्हणून हात आपोआप ‘ओरा’ लिहितो. थांबा. अट सांगणाऱ्या ‘सी’नंतर फ्रेंचमध्ये भविष्यकाळ येतच नाही, कुठलाही नाही. तिथे पासे कोंपोझे: सी त्यू आ फिनी आवां मिदी, नू सोर्तिरों. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या बी-१, बी-२ पातळ्यांची तयारी करणाऱ्यांच्या वहीत ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि ती अभ्यास न केल्यामुळे होत नाही, मराठी चांगली असल्यामुळे होते. सुटका एकच: मराठी वाक्यात ‘तर’ शोधा. ‘तर’ सापडला की ‘असेल’कडे दुर्लक्ष करा. ‘की’ किंवा ‘तेव्हा’ सापडला तर बिनधास्त ओरा, सरा.

अंदाज: इथे आपण घरचेच

ठरल्या वेळेला मैत्रीण आलेली नाही. अर्धा तास झाला. आपण म्हणतो: विसरली असेल, गाडी चुकली असेल, पत्ता चुकली असेल. भविष्याचा इथे काही संबंध नाही, घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज आहे, तरी आपण ‘असेल’ म्हणतो. फ्रेंचही नेमकं तेच करतं:

एलोरा उब्लिये. विसरली असेल.
एलोरा मांके सों त्रॅं. तिची गाडी चुकली असेल.
एल स सरा त्रोंपे दाद्रेस. पत्ता चुकली असेल.

पुस्तकं हा वापर शेवटच्या धड्यात, ‘विशेष उपयोग’ म्हणून देतात. मराठी माणसाला तो पहिल्याच दिवशी द्यायला हवा, कारण आपल्यासाठी तोच सगळ्यात ओळखीचा आहे. बोलताना फ्रेंच लोक अंदाजासाठी बरेचदा ‘एला द्यू’ असा दुसरा प्रयोग करतात, आणि फ्युत्यूर आंतेरियर थोडा लेखी, संथ वाटतो. तरी तो समजायला हवा. ‘गेला असेल’ आणि ‘उद्या या वेळी गेलेला असेल’ यांत आपण ‘गेला’ आणि ‘गेलेला’ असा थोडा फरक करतो. फ्रेंचमध्ये रूप एकच, अंदाज की भविष्य हे संदर्भावरून आणि ‘दमॅं’ (उद्या) सारख्या वेळेच्या शब्दावरून ओळखायचं.

याच्याच शेजारचं एक सुंदर वाक्य: वूझोरे रमार्के क… म्हणजे ‘तुमच्या लक्षात आलंच असेल की…’. भाषणात, लेखात, मुलाखतीत फार कामाचं आहे. पाठ करून ठेवा.

आणखी एक वापर वर्तमानपत्रात भेटतो, तो हिशेब मांडण्याचा. १५ एप्रिल २०१९ ला पॅरिसचं नोत्र-दाम हे प्रसिद्ध चर्च जळलं, आणि ७ डिसेंबर २०२४ ला ते पुन्हा उघडलं. त्याबद्दल फ्रेंचमध्ये म्हणता येईल: इलोरा फाल्यू प्ल्यू द सॅंकां पूर रुवरीर नोत्र-दाम. सगळं भूतकाळातलं आहे, तरी ‘इलोरा फाल्यू’, कारण लिहिणारा मागे वळून एकूण गोळाबेरीज सांगतोय: पाच वर्षांहून जास्त लागली, तेव्हा कुठे. इथे मराठीत ‘असेल’ बसत नाही, आपण ‘लागली’च म्हणतो. तेव्हा हे फक्त ओळखता आलं तरी सध्या पुरे, लिहायला नंतर शिका.

आणि बोलीतलं थोडं. तुम्ही फ्रेंच माणसाला विचाराल, झालं का? तो म्हणेल, ‘ज्ये फिनी दां सॅं मिन्युत’, पाच मिनिटांत झालं. नियमाने ज्योरे हवं, पण तो ज्ये म्हणतो, जसं आपण घरात बसूनच फोनवर ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणतो. ऐकलं तर गोंधळू नका. लिहिताना ज्योरे लिहा.

सराव

आज रात्री झोपण्याआधी वहीत पाच वाक्यं लिहा: उद्या संध्याकाळपर्यंत माझं काय काय झालेलं असेल. दोन आव्वारची, दोन एत्रची, एक ‘स’वाल्या क्रियापदाचं. माझी एका दिवसाची अशी आहेत:

दिसी दमॅं स्वार, ज्योरे फे ला लेसीव. कपडे धुऊन झालेले असतील.
ज्योरे पेये ल ल्वाये. भाडं भरलेलं असेल.
ज्य सरे पासे आ ला पोस्त. पोस्टात जाऊन आलेली असेन.
मा फिय सरा रांत्रे द लेकोल. मुलगी शाळेतून परतलेली असेल.
ए आ मिन्वी, ज्य म सरे कुशे. आणि मध्यरात्री मी झोपायला गेलेली असेन.

शेवटच्या तीन वाक्यांत पासे, रांत्रे आणि कुशेच्या टोकाला प्रत्येकी एक ‘ई’ वाढलाय, कारण एकदा मी आहे, एकदा माझी मुलगी, आणि पुन्हा मी. पुरुषाने लिहिलं तर तिसऱ्या आणि पाचव्या वाक्यातला ‘ई’ जाईल, मुलीचा राहील. तुमची पाच वाक्यं झाली की त्या शेवटांखाली लाल पेनाने रेघ मारा, आणि उद्या संध्याकाळी वही उघडून त्यातली खरोखर झालेली कामं पासे कोंपोझेमध्ये पुन्हा लिहून काढा: ज्योरे फे पुसून ज्ये फे, ज्य सरे पासे पुसून ज्य स्वी पासे.